डाव्या पायाला हात लावायचा नाही

"ह्या पायाला कुणी चोळलं का?"

डॉक्टरबाईंनी माझ्या डाव्या पोटरीवर सोनोग्राफीचं यंत्र धरलं होतं. नजर पडद्यावरून हलत नव्हती.

आई बाळाला घेऊन दाराशी उभी होती. तिनं मोठ्या हौसेनं सांगितलं, "म्या चोळला की! सकाळ-संध्याकाळ. वातानं धरलाय पाय."

"आता हात लावायचा नाही, मावशी. अजिबात नाही. आतल्या शिरेत रक्ताची गाठ झालीये. चोळताना ती सुटली आणि फुफ्फुसात गेली, तर जिवावर बेतेल."

मला वाटलं, ह्या दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत. मी तर सिझरचे टाके दाखवायला धाराशिवला आले होते. टेबलावर चढताना पाय दुखला, म्हणून सहज बोलून गेले. बोलले नसते तर?

ह्या आजाराला डीप व्हेन थ्रॉम्बोसिस म्हणतात. म्हणजे खोलवरच्या शिरेत रक्त गोठणं. कलर डॉप्लर नावाच्या तपासणीत शिरेतलं रक्त वाहताना दिसतं. माझ्या शिरेत एका जागी ते वाहतच नव्हतं. सिझरनंतर हा धोका असतोच. पडून राहिलं, पाणी कमी प्यालं, की आणखी वाढतो, असं डॉक्टरबाई म्हणाल्या.

आमच्या घरी नेमकं तेच चाललेलं! जळकोटला माहेरी आईनं मला बाजेवरून उठू दिलं नव्हतं. "टाके उसवतील." पाणी मागितलं की घोटभर हातात द्यायची. "पोट सुटंल, बये." गावात तिच्या हाताला मान आहे. निम्म्या गावच्या बाळंतिणींना तिनं तेल लावून न्हाऊ घातलंय. पण त्या सगळ्या साध्या बाळंत झालेल्या. सिझरची बाळंतीण तिच्या हाताखाली पहिलीच, आणि तीही पोटची पोर.

तिचा हात मात्र खरंच गुणाचा, हे सांगायलाच हवं. बाळाला पाजून माझी मान आखडायची, कंबर ठणकायची. करडईचं कोमट तेल घेऊन ती पाठीवर हात फिरवायला लागली की मला बसल्याबसल्या डुलकी लागायची. टाक्यांच्या वाटेला ती कधी गेली नाही. मग डावा पाय सुजला. त्याच पायातलं जोडवं रुतायला लागलं, पोटरी गरम लागायची, पाय टेकवला की कळ यायची. आम्ही समजलो वात. तिनं जोर लावून चोळला आणि मी उशी तोंडात धरून पडून राहिले.

मला लगेच भरती करून घेतलं. रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू झाली, तीही पोटाच्या कातडीत. आधीच चिरलेल्या पोटात आणखी सुया! "धाप लागली, छातीत दुखलं, तर लगेच सांगायचं," असं बजावलेलं. मी साधी खोकले तरी आई उठून उभी राहायची. दोन्ही हात पदरात गुंडाळून ती माझ्या पायथ्याशी बसलेली असायची.

"म्या तुला मारलं असतं गं," एकदा ती म्हणाली.

"मेले का मी? गप की आता!" मी खेकसले. आणि मग रडले.

गोळ्या आणि पायाला घट्ट मोजा घेऊन आम्ही घरी आलो. पाठीला मालिश चालेल, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. पण आई मला हात लावीना. बाळाला चोळायची, न्हाऊ घालायची. माझ्यापुढं तेलाची वाटी ठेवून निघून जायची. "माझ्या अंगाला काय काटे आलेत का?" मी चिडून विचारलं, तर ती बाळाला उचलून बाहेर गेली. गावातून बोलावणी आली तरी गेली नाही. "माझा हात गेला," एवढंच म्हणायची. पायाची भीती ओसरत चालली होती, पण आईचं हे बघवत नव्हतं.

बायांनो, मालिश वाईट नाही. पण बाळंतपणानंतर एकच पाय सुजला, गरम लागला, पोटरी दुखायला लागली, तर तेल बाजूला ठेवा आणि आधी दवाखाना गाठा. सिझर झालं असेल तर कुठं चोळायचं, कधी चोळायचं, हे डॉक्टरांना विचारा. विचारायची लाज वाटू देऊ नका.

पुढच्या तपासणीला शीर मोकळी झालेली दिसली. टाक्यांची जखमही भरली होती. "आता इथं हलक्या हातानं तेल लावायचं, म्हणजे कातडी आत चिकटत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पायाला मात्र मी सांगेपर्यंत नाही. मावशी, या इकडं, दाखवते."

आई जागची हलली नाही. "ही मरणार न्हाय ना?" तिनं सरळ विचारलं.

मी हबकले. डॉक्टरबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मी इथं उभी आहे. लावा हात."

आईनं पुढं येऊन टाक्यांवर दोन बोटं टेकवली.

"बरं वाटतंय का गं?"

टाक्यांभोवतीची कातडी अजून बधिर होती. तिची बोटं मला दिसत होती, पण कळत नव्हती.

"व्हय," मी म्हणाले. "लई बरं वाटतंय."

तेव्हा कुठं तिनं पुरा हात ठेवला.