पाहुणचारात गेलेली विहीर

गरीब दिसणं ही एक कला आहे आणि ती गरिबांना येत नाही, हे मला फार लहानपणी कळलं.

देऊळघाटजवळच्या गावात आमचा भाजीचा एक तुकडा होता. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर; बुलढाण्याच्या बाजारात खपेल ते आम्ही लावायचो. त्या वर्षी पाऊस रुसला आणि विहिरीने तळ दाखवला. मोट नुसता गाळ घेऊन वर यायची. विहीर खोल झाली तर भाजी जगणार होती, नाहीतर आईबाबांना दुसऱ्याच्या शेतात रोजाने जावं लागणार होतं.

मुंबईत नुकतंच आपलं मराठी सरकार बसलं होतं आणि त्याला आमची फार काळजी लागून राहिली होती. लहान शेतकऱ्याला विहीर खोल करायला मदत मिळणार, अशी दवंडी झाली. गावाच्या वाट्याला एकच विहीर आली. गरिबी खरी की खोटी, हे मात्र तालुक्याचे साहेब घरी येऊन बघणार होते. बनावट गरिबी सरकारला खपत नसे.

अर्ज दोन गेले. एक आमचा, दुसरा गावातल्या मोठ्या मालकांचा. अर्धं शिवार त्यांचं, पण जमिनीवर मर्यादा येणार म्हटल्यावर त्यांनी ती मुलांच्या, सुनांच्या नावे करून टाकली होती. पाळण्यातलं नातवंडही कागदोपत्री लहान शेतकरी झालं होतं. त्याला अजून कूस बदलता येत नव्हती, पण ते जमीन कसत होतं.

साहेब येणार त्या दिवशी आईने पहाटेच घर सारवलं, दारात रांगोळी काढली. बाबा चिडले.

"अवं, आपण गरीब आहो हे पाह्याले साहेब येऊन राह्यले. रांगोळी काऊन काढतं?"

"गरीब आहो म्हणून पाहुण्याले घाणीत बसवू काय?" आई म्हणाली.

एवढ्यावर ती थांबली असती तर विहीर वाचली असती. पण ती मोठ्या मालकांच्या घरी गेली आणि त्यांची खुर्ची, सतरंजी, सोनेरी काठाच्या कपबशा मागून आणल्या. मालकीणबाईंचं मन मोठं. "लागन तं अजून ने, बाई," असंही त्या म्हणाल्या.

साहेब खुर्चीत बसले. सणासाठी राखलेल्या साखरेचा चहा ते प्याले आणि दाणे घातलेले पोहे त्यांनी आवडीने खाल्ले. मग कपबशी वर धरून विचारलं, "ह्या घरच्याच का?" मागून आणलेल्या कपाची गोष्ट साहेबांपुढे काढणं आईला लाजिरवाणं वाटलं. "हाव, घरच्याच," ती म्हणाली. निघताना शेवटची चार वांगीही तिने त्यांच्या जीपमध्ये ठेवली. भाजीपाला उत्तम, हेही त्यांना कळलं.

तिथून साहेब मोठ्या मालकांकडे गेले. तिथे बसायला खुर्ची नव्हती, अंथरायला सतरंजी नव्हती, कारण दोन्ही आमच्याकडे होत्या. साहेब बाजेच्या काठावर बसले आणि गड्याच्या पोचे पडलेल्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पेल्यात चहा प्याले. मालकांनी नुसता उसासा टाकला म्हणतात. घर मोठं होतं हे साहेबांना दिसलं नसेल असं नाही, पण मोठ्या घरातली टंचाई माणसाला जास्त बोचते.

मदत मालकांना मिळाली. बाबा बरेच दिवस आईला त्या कपबशा ऐकवत राहिले. आईचं एकच म्हणणं होतं, "मंग काय उपाशी धाडू साहेबाले?" मला तेव्हा तिचा राग आला होता. पुढे तो तिच्यावरून उठला आणि साहेबांवर बसला, तो अजून तिथेच आहे.

आमची वांग्याची झाडं उभी वाळली. मालकांच्या विहिरीचं काम निघालं आणि गावातल्या गरजूंना रोजगार मिळाला. म्हणजे सरकारची मदत आमच्यापर्यंत पोचलीच, फक्त जरा वळसा घालून. बाबा खाली सब्बल मारून खडक फोडायचे, आई टोपल्यात मुरूम भरायची.

पाणी लागलं तेव्हा आई विहिरीच्या तळाशीच होती. वर नारळ फुटला. ती ओंजळीत ते गढूळ पाणी घेऊन उभी राहिली, बराच वेळ. मग वरून कोणीतरी म्हणालं, "बाई, टोपलं भर ना."

तिने ओंजळ सोडली आणि टोपलं भरलं.