पाहुण्यांनी बाहेर बसावे

दोन हजार सोळाच्या सुमाराची गोष्ट. मी न्युरेम्बर्गला इंजिनिअर होते आणि तिथून तासाभरावरच्या एका गावच्या चर्चच्या मंडळीत निवडून आलेली वडील, म्हणजे कारभार पाहणाऱ्यांपैकी एक. मिरजेकडे आम्ही प्रेस्बिटेरियन. जर्मनीत त्याच पंथाला रिफॉर्मिएर्ट म्हणतात. देशभरच्या मंडळ्यांची मोठी सभा भरणार होती. तिच्यापुढे प्रश्न होता, की आपल्या इमारतींत परभाषेत उपासना करणाऱ्यांचं मंडळीतलं स्थान काय? प्रत्येक मंडळीने आधी जमून प्रार्थना करायची, देवाची इच्छा ओळखायची आणि एकमताने आपलं म्हणणं कळवायचं.

परभाषेतले म्हणजे आम्हीच. रविवारी दुपारी चर्चच्याच हॉलमध्ये आमची मराठी उपासना होई. ती सुरू केली मावशींनी. सख्ख्या नव्हेत, पण तिथे सगळ्यांच्या मावशीच. तरुणपणी मिरजेहून नर्स म्हणून आल्या आणि तिथेच राहिल्या. गावातल्या कितीतरी म्हाताऱ्यांची शेवटची सेवा त्यांच्या हातून झाली होती. आमच्या गटालाही मंडळीच्या कारभारात मत असावं, एवढंच त्यांचं मागणं.

बैठकीच्या आधीच आमच्या मंडळीच्या उत्तराचा मसुदा हातात पडला. त्यात लिहिलं होतं, 'हे गट आमचे लाडके पाहुणे आहेत.' मावशींनी चष्मा लावून ते वाक्य वाचलं.

"मी पाहुणी कधी झाले गं?" त्यांनी विचारलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. देवाची इच्छा ओळखायला जमायचं आणि ती आधीच टाइप करून आणायची! लग्न उरकून मग मुलगी बघायला जाण्यातली गत. वर पाळकबाईंचा, म्हणजे आमच्या पास्टरबाईंचा मला निरोप, की मोठ्या सभेच्या संध्याकाळी समोसे आणाल का, आणि साडी नेसून एखादं गाणं म्हणाल का? मी मशिनच्या कंट्रोल सिस्टिम करणारी बाई. माझा समोसा आजही तेलात फुटतो.

बैठकीची रीत अशी, की प्रत्येकाच्या हातात दोन कार्डं. नारिंगी वर केलं म्हणजे पटतंय, निळं म्हणजे पटत नाही. मोजणी नाही, वाद नाही. निळं दिसलं की अध्यक्ष, एक निवृत्त शिक्षक, मधाळ आवाजात विचारणार, "ह्याच्यासह जगू शकाल ना?" आणि समोरचा ओशाळून कार्ड खाली घेणार. ह्याला ते एकमत म्हणत, मी केसाने गळा कापणं म्हणते. मावशी मागच्या रांगेत बसल्या होत्या. पाहुण्यांना कार्डं नव्हती.

मी निळं धरलं.

"जगू शकाल ना?"

"नाही."

अध्यक्षांनी पुन्हा विचारलं, आणखी गोड आवाजात. मी पुन्हा नाही म्हटलं.

"आल्झो, मग थोडा वेळ शांततेत देवाकडे पाहू या," ते म्हणाले. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

आमच्याकडे प्रार्थना म्हणजे तोंड उघडायचं. मनातल्या मनात प्रार्थना करणारा झोपलाय, असंच आम्ही लहानपणी समजायचो. मी उभी राहिले आणि खणखणीत मराठीत सुरू केलं.

"देवबापा, ही माणसं तुला प्रश्न विचारतायत आणि उत्तर खिशात घालून आलीयेत. ह्यांच्या आया मरताना मावशीचा हात धरून गेल्या. तेव्हा ती पाहुणी नव्हती. आज मत मागितलं तर पाहुणी झाली. ह्यांची लाज तूच राख बापा, त्यांना स्वतःला ती राहिलेली नाही."

चालू प्रार्थना तोडायची सोय कुठल्याच चर्चमध्ये नाही, तेव्हा मी पोटभर बोलून घेतलं. शेवटी सगळ्यांनी भक्तिभावाने आमेन म्हटलं. पाळकबाईंना तर गहिवरून आलं.

"किती सुंदर भाषा! अर्थ सांगाल?"

सांगितला. एक शब्दही गाळला नाही.

मग अध्यक्षांना नियम आठवला. ज्याचा विषयाशी स्वतःचा संबंध असतो तो 'बेफांगेन', म्हणजे त्याचं मन निःपक्षपाती नाही. त्याने निर्णयाच्या वेळी बाहेर बसावं. मी बेफांगेन होते. ह्याच लोकांनी निवडून दिलेली मी, एका वाक्यात पाहुणी झाले. "गेनाऊ," अगदी बरोबर, असं कुणीतरी पुटपुटलं. माझ्या बाजूने एकानेही तोंड उघडलं नाही. त्या नियमापेक्षा ह्याची चीड मला जास्त आली.

मावशींनाही बाहेर जायला सांगितलं. कोट टांगायच्या खुंट्यांखाली बाकावर आम्ही दोघी बसलो. मावशी विचारात पडल्या होत्या.

"ज्यांचा संबंध आहे त्यांनी बाहेर बसायचं ना?" त्या म्हणाल्या. "मग हॉल ज्यांच्या ताब्यात आहे, त्यांचा काहीच संबंध नाही का गं? ते कसे आत बसलेत?"

मी दार न वाजवता आत गेले आणि हाच प्रश्न जर्मनमध्ये विचारला. नारिंगी कार्डं तशीच हवेत राहिली.

"कृपया दार लावून घ्या," अध्यक्ष म्हणाले.

घेतलं लावून. आधी मावशींना हाताला धरून आत आणलं, माझ्या खुर्चीवर बसवलं, आणि मगच लावलं. आम्ही दोघी परत बाहेर गेलो नाही, आणि त्या दिवशी आमच्या मंडळीचं एकमत झालं नाही.