पदवीवरची सही

मी कॅथलिक धर्मगुरू, आणि बरीच वर्षं एका विद्यापीठाचा कुलगुरू. निवृत्तीनंतर कुवेतला आलो, तेव्हा तिथल्या खैतान भागात राहणारा माझा एक जुना विद्यार्थी पदवीचा कागद घेऊन आला. सहीखाली माझ्या नावाआधी ‘फादर’ होतं. सरकारी कागदांचं भाषांतर करून देणाऱ्या टायपिंगवाल्यानं अरबीत त्याचं सरळ ‘वडील’ करून टाकलं होतं. बापानंच पोराला पदवी दिली असं समजून पदवी मान्य करून घेण्याचा त्याचा अर्ज कचेरीत अडकला होता!

मी तडक त्याच्यासोबत त्या कचेरीत गेलो. तिथल्या कुवेती साहेबानं मोडक्या हिंदीत विचारलं, “हा तुमचा मुलगा?”

“मुलगा कसला! याला मी दोनदा वसतिगृहातून हाकललंय.”

साहेब हसला. “तरी अडचणीत तुमच्याकडेच आला? मग मुलगाच की!”

त्यानं शिक्का मारला. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या चुका सुधारल्या. ही मात्र तशीच राहू दिली.