विद्यापीठाच्या भिंतीवरचा समुद्र

मुलीच्या मार्कशीटवर आईचं नाव भलतंच छापून आलं, ते दुरुस्त करून घ्यायला मी तिसऱ्यांदा विद्यापीठात गेले होते. खिडकी बंद होती, म्हणून समोरच्या संगमरवरावर सोनेरी अक्षरांत कोरलेलं विद्यापीठाचं ध्येय वाचत बसले. उत्कृष्टता, मूल्यांवर आधारलेलं ज्ञान, विद्यार्थी हाच केंद्रबिंदू, आणि शेवटी ‘सागरकिनारी राहणाऱ्या समाजाचा सर्वांगीण विकास’.

आमच्याकडे उन्हाळ्यात प्यायचं पाणी टँकरने येतं. समुद्र बघायचा तर अख्खा दिवस एसटीत बसावं लागतं. कुठल्या तरी किनाऱ्यावरच्या विद्यापीठाचा मजकूर यांनी जसाच्या तसा उचलला होता. हे कुणीतरी टाइप केलं असेल, मोठ्या साहेबांनी सही केली असेल, कारागिराने घाम गाळून कोरलं असेल. रोज इतके प्राध्यापक याच्यासमोरून जातात, आणि एकालाही तो समुद्र खुपला नाही. एवढी मोठी इमारत ज्ञानाची, आणि आत वाचणारं कुणी नाही.

खिडकी उघडली. अर्ज देताना मी क्लार्कना ते वाक्य दाखवलं. त्यांनी मान वळवून पाहिलंही नाही.

“ते तपासणी समितीसाठी आहे, मॅडम. तुम्ही कशाला वाचता?”

मग माझा अर्ज उलटसुलट करत त्यांनी विचारलं, “आईचं नाव चुकलंय, याला पुरावा काय?”

“मीच तिची आई.”

“तसं प्रतिज्ञापत्र आणा,” ते म्हणाले, आणि खिडकी लावून घेतली.