बत्तीस गावांचं राज्य

ज्या कुणी तो नियम केला, त्याने आयुष्यात कधी गाव वसवलं नसणार. एका राजाला बत्तीसच गावं. तेहतिसावं वसवायला गेलं की कॉम्प्युटरच्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटायची, तुमच्या राज्यात आता आणखी गावाला जागा नाही. जागा होती. हिरवी, पिवळी जमीन नकाशाभर मोकळी पडलेली आम्हाला दिसत होती. फौजेला मर्यादा नव्हती, जहाजांना नव्हती. हवे तितके घोडेस्वार करा, कुणी विचारत नसे. मर्यादा फक्त गावांना. हा नियम चुकीचा आहे असं मला तेव्हा वाटलं, आणि आता केस पांढरे झाल्यावर तर त्याबद्दल माझ्या मनात काही शंकाच उरलेली नाही.

हे आज लिहायला बसलो, कारण त्या राज्यातला माझा भागीदार, माझा आतेभाऊ दादा, मागच्या पावसाळ्यात गेला. दिवसकार्याला साताऱ्यात बरीच माणसं जमली होती. त्याच्या कामातल्या नेटकेपणाबद्दल बोलली, कमी बोलण्याबद्दल बोलली. राज्याबद्दल कुणी बोललं नाही, कारण वहिनी आणि मी सोडून ते कुणाला माहीतच नव्हतं. मीही गप्प बसलो. मला बोलायला वेळ लागतो. लिहायलाही लागतो, पण लिहिताना समोर कुणी खोळंबलेलं नसतं.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. मी सांगलीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो. दादा साताऱ्यात एका छापखान्यात होता. माझ्याहून अठरा वर्षांनी मोठा. पंधरा-वीस वर्षं त्याने शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवले, आणि मालकांनी कॉम्प्युटर घेतला तेव्हा बाकीचे कामगार लांबून बघत असताना हा खुर्ची ओढून समोर बसला. महिन्याभरात लग्नपत्रिका त्यावर लावू लागला. लग्नसराई संपली की दुपारी मशीन मोकळं असायचं. माझ्याकडेही दोन ते चार क्लास रिकामा.

खेळ माझ्या एका विद्यार्थ्याकडून आला. कुणाकुणाच्या हातून फिरत आलेल्या दोन फ्लॉप्या, सोबत माहितीपुस्तक वगैरे काही नाही. एका गाडीपासून सुरुवात. ती जिथे थांबवाल तिथे गाव वसतं. आपली चाल झाली की कॉम्प्युटर बाकीच्या राजांच्या चाली करतो, मग पुन्हा आपली पाळी. घाई नाही. दादाला आणि मला दोघांनाही घाईचं काही जमत नसे, म्हणून हा खेळ आम्हाला मानवला.

आम्ही एकच राज्य दोघांत चालवायचं ठरवलं. वीस पाळ्या मी खेळायच्या, डाव फ्लॉपीवर घ्यायचा, फ्लॉपी साबणाच्या डबीत घालून सकाळच्या सातारा गाडीच्या कंडक्टरकडे द्यायची. दादा स्टँडवर जाऊन ती घ्यायचा, वीस पाळ्या खेळायचा आणि परतीच्या गाडीने पाठवायचा. डबीत सोबत एक चिठ्ठी, बहुतेक वेळा एखाद्या पत्रिकेच्या चुकलेल्या प्रुफाच्या पाठीवर लिहिलेली. एका कंडक्टरने एकदा डबी कानाजवळ हलवून विचारलं, "मास्तर, हाय तरी काय ह्यात?"

"राज्य आहे."

"मग तिकीट काढा की. अर्धं तरी."

गावांना खेळ आपणहून परदेशी नावं द्यायचा. आम्ही ती खोडून आपली घातली. फलटण, पाटण, वाई. युद्ध आणि रस्ते माझ्याकडे, गावांच्या जागा दादाकडे. तो जागा निवडायचा ती नेहमी नदीकाठची, आणि एका काठावर गाव बसलं की दुसऱ्याच पाळीत समोरच्या काठावर त्याचं खुर्द बसवायचा. मी चिठ्ठीत विचारलं, इतकी जवळजवळ कशाला? त्याचं उत्तर आलं, पल्याड खुर्द नसलं तर गावातल्या पोरी द्यायच्या कुठे? बत्तीसचा नियम आम्हाला ठाऊक नव्हता. पुढे मोजलं तेव्हा आमची नऊ गावं खुर्द निघाली.

एकच गाव पूर्णपणे माझं होतं, कवठे महांकाळ. पूर्वेच्या पिवळ्या, कोरड्या जमिनीवर मी ते वसवलं, कारण रस्ता तिकडून न्यायचा होता. तिथे काही पिकत नव्हतं. शेवटपर्यंत एका घराच्या वर ते गेलं नाही.

आणि एक जागा दादाने राखून ठेवली होती. पश्चिमेला, तीन बाजूंना डोंगर, मधून नदी. दादाचं गाव पाटणच्या वर, कोयनेच्या खोऱ्यात होतं. धरणाच्या पाण्यात ते गेलं तेव्हा तो सहा वर्षांचा होता. नकाशातली ती दरी दिसली त्या दिवशीच त्याने मला कळवलं की इथे आपलं गाव करायचं, पण आत्ता नको. रस्ते होऊ देत, कोठारं भरू देत, शेजारचे राजे शांत होऊ देत. त्या गावाचं पुन्हा काही वाईट व्हायला नको, हे त्याने लिहिलं नव्हतं, पण मला कळत होतं. वर्षभर त्याने ती दरी मोकळी ठेवली.

मग एका दुपारी क्लासवर त्याचा फोन आला. एसटीडी बूथवरून. दादा फोन करणाऱ्यातला नव्हता.

"आरं, गाव बसंना."

"कुठलं गाव?"

"आपलं. गाडी दरीत नेली, कळ दाबली. मशीन म्हणतंया जागा न्हाई. अख्खी दरी मोकळी हाय, त्येला डोळं न्हाईत का?"

फ्लॉपी आल्यावर मी स्वतः करून पाहिलं. दरीत, दरीबाहेर, समुद्राकाठी. सगळीकडे तीच ओळ. गावं मोजली, बत्तीस. ज्याच्याकडून खेळ आला त्या विद्यार्थ्याला विचारलं. तो हसला. "सर, एवढी गावं करतं का कुणी? एखादं उठवा. एका घराच्या गावात गाडी करायला घेतली की अख्खं गाव गाडीत बसतं आणि नकाशावरनं जातं. मग दुसरीकडं वसवा."

मी हे दादाला कळवलं. एखादं खुर्द उठवू, म्हणालो. उलट टपाली चिठ्ठी आली, त्याच्या छापल्यासारख्या अक्षरात. एकही गाव उठवायचे नाही. दुसरा मार्ग शोध.

दुसरा मार्ग नव्हता. मी दोन आठवडे शोधला. जिंकलेली गावंही खेळ बत्तिसांतच धरत होता. माझा संताप होत होता, आणि तो खेळावर होता. एवढे डोंगर, नद्या, समुद्र आखणाऱ्या माणसाला तेहतिसावा आकडा का जड जावा? त्यातच उत्तरेच्या राजाच्या गाड्या दरीच्या दिशेने येताना दिसू लागल्या. त्याची गावं अजून बरीच कमी होती. दहा-बारा पाळ्यांत त्याचं गाव आमच्या दरीत बसलं असतं.

तेव्हा मी दादाला न विचारता कवठे महांकाळ उठवलं. माझं गाव, मी उठवलं, असं मनाशी म्हणालो. गाडी तयार झाली, नकाशावरून नाव गेलं. ती गाडी सगळं राज्य ओलांडून पश्चिमेला नेली, दरीत थांबवली आणि दादाच्या गावाचं नाव टाइप केलं. गाव बसलं. मी इतका खूश होतो की चिठ्ठीत फक्त 'बघ' एवढंच लिहिलं.

चौथ्या दिवशी डबी परत आली. चिठ्ठीत एकच ओळ. कवठ्याची माणसं कुठे आहेत? आणि फ्लॉपीवर माझा डाव नव्हताच. डबी पाठवण्याआधी दादा दर वेळी डावाची एक प्रत छापखान्याच्या मशीनवर ठेवत असे. त्याने तीच काढून पुढे चाल केली होती. कवठे महांकाळ जागच्या जागी होतं. दरी मोकळी होती.

रविवारी मी साताऱ्याला गेलो. छापखाना बंद, पण किल्ली त्याच्याकडे असायची. तो मशीनसमोर बसला होता आणि वहिनी जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या.

"या भाऊजी. दोन राजं एका जागी बसल्यात म्हणायचं. आवं, तुमच्या राज्यात गिरणी हाय का? दळण आणायचं राहिलंय कालपासनं."

"आणतो गं," दादा म्हणाला.

मी सरळ विषयाला हात घातला. "दादा, तुझ्याचसाठी केलं मी. कवठ्याला एकच घर होतं. तिथे पाणी नाही, पीक नाही."

"एक घर असलं म्हंजी गाव नसतंय व्हय रं?"

"पण ती माणसं मेली नाहीत. तीच तर तुझ्या गावात जाऊन राहिली."

"म्हंजी माझ्या गावात कवठ्याची माणसं." तो जरा हसला. "आन् त्यांनी तिथं राहून कुणाचं गाव म्हणायचं त्याला?"

वहिनी डबा उघडता उघडता थांबल्या होत्या. दादाने बोटाने पडद्यावरची गाडी दाखवली. छपराची, दोन चाकांची, नखाएवढी. "आमी ट्रकातनं आलो. शाळेचा दाखला हाय माझ्याकडं, पहिलीचा. शाळा सोडल्याचं कारण, गाव उठलं. गुरुजींचं अक्षर लय सुरेख. मी खिळं जुळवायला लागलो तवा पयल्यांदा ती ओळ जुळवून बघितली. दोनच शब्द बसत्यात. 'गाव उठलं.' कुणी उठवलं ती त्यात न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ती कळ मी दाबायचो न्हाई. तूबी दाबू नगंस."

मी मान हलवली. मला वाटतं तो बरोबर होता. कायदा करणाऱ्याची चूक होती. ती निस्तरायला आम्ही एकमेकांची गावं खर्ची घालायची नव्हती.

"मग दरी? उत्तरेचा येईल ना चार दिवसांत."

"फौजंला तर मर्यादा न्हाई म्हणतोस?"

त्याने त्या दुपारी आठ शिपाई दरीत उतरवले. दोन्ही खिंडींत दोन-दोन, नदीकाठी चार. जिथे आपला शिपाई उभा, तिथे दुसऱ्याची गाडी थांबू शकत नाही, हे आम्हाला एव्हाना माहीत होतं. वहिनी मागून वाकून बघत होत्या.

"ह्यास्नी तिथं कशाला उभं केलंय?"

"राखणीला."

"आवं, रिकाम्या रानाला राखण? पीक तरी हाय का तिथं?"

"न्हाई," दादा म्हणाला, आणि भाकरीचा तुकडा मोडला.

उत्तरेच्या राजाच्या गाड्या खिंडीपर्यंत आल्या, काही पाळ्या घुटमळल्या आणि माघारी गेल्या. पुढे आम्ही ते राज्य दीड वर्ष चालवलं. बत्तीस गावं, त्यांतली नऊ खुर्द, आणि तिसऱ्या हिश्श्याएवढा मुलूख विनाकारण मोकळा. शेवटी आम्ही जिंकलो. खेळाने आमच्या कारभाराला बेताचेच गुण दिले. त्याच्या हिशोबात मोकळ्या जमिनीला किंमत नव्हती, आणि त्या गुणांना माझ्या हिशोबात नव्हती.

पण त्याआधी एक गोष्ट घडली, जी दिवसकार्याला जमलेल्या माणसांना मला सांगता आली असती. शिपायाला 'तळ ठोका' असा हुकूम दिला की तो जागेवर राहतो आणि खेळ पुन्हा त्याच्याबद्दल विचारत नाही. नाहीतर दर पाळीला नकाशा सरकतो, त्या शिपायावर येऊन थांबतो, आणि आपल्याला कळ दाबून सांगावं लागतं की आज काही नाही, उभा राहा. दादाने आठही जणांना तो हुकूम न देता तसंच ठेवलं होतं. वीस पाळ्यांत आठ-आठ वेळा थांबायचं म्हणजे माझी अर्धी दुपार त्यात जायची. विसरला असेल असं समजून मी सगळ्यांना तळ ठोकायला लावलं. पुढच्या डबीत ते पुन्हा जागे होऊन आले. मी पुन्हा लावलं. ते पुन्हा जागे.

शेवटी साताऱ्याला गेलो तेव्हा विचारलं, "दादा, एकदा हुकूम दिला की झालं ना. दर वेळेला नकाशा तिथे जाऊन थांबतो."

"थांबू दे की," तो म्हणाला. "तेवढंच तिथं जाणं हुतंय."

त्यानंतर मी त्यांना हात लावला नाही. सांगलीत, रिकाम्या वर्गात, दर पाळीला नकाशा पश्चिमेला सरकायचा, दरीत थांबायचा, आणि मी आठ वेळा कळ दाबायचो. एकेकाला, सावकाश.