हत्यारं पूजेत होती तेव्हा

"पान्याला हात लावशील तर बघ!" नाना ओरडले.

मी हात मागं घेतला. खंडेनवमी होती. सत्तरच्या दशकाची सुरुवात. नगरमध्ये पुणे रस्त्यावर नानांचं गॅरेज होतं आणि मी तिथं मेकॅनिक होतो. सकाळीच आम्ही सगळी हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडली होती. पाने, हातोडे, जॅक, सगळ्यांना हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. एकदा हत्यारं पूजेत बसली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायची नाहीत, हा आमच्या धंद्यातला नेम. नाना त्या बाबतीत भलतेच कडक होते. आणि नेमकी तेव्हाच दारात पिकअप येऊन उभी राहिली.

पिकअप म्हणजे जीपचं तोंड आणि मागं उघडा हौदा. सुप्याकडच्या एका गावातल्या दूध सोसायटीची गाडी. रोज भरलेले कॅन घेऊन नगरला यायची आणि रिकामे कॅन घेऊन परत जायची. त्या दिवशी ती सोसायटीच्या चेअरमननी, आप्पांनी, स्वतः हळूहळू चालवत आणली होती. शेजारी त्यांचा ड्रायव्हर मुरली, कपाळाला पट्टी बांधलेला. आदल्या दिवशी परत जाताना गाडी रस्ता सोडून चारीत गेली होती.

"हँडल तपासून द्या," आप्पा मला म्हणाले. "म्हंजी ह्याचं तोंड बंद हुईल. म्हनतो, हँडल थरथरतंय. अरं, हँडल कशानं थरथरंल? तूच थरथरतोस!"

"आप्पा, लेकीची शपथ. दारू सोडली ती सोडली," मुरली म्हणाला.

"मग भरली गाडी घेऊन जातोस तवा एकदाबी कसं थरथरत न्हाई? रिकामी घेऊन परत येतानाच बरं हुतं? नगरात काय मिळतं ते सगळ्या गावाला ठावं हाय."

पूर्वी मुरली प्यायचा, हे गावानं पाहिलं होतं. सोडल्याचं फक्त घरच्यांनी पाहिलं होतं. गाडीची किल्ली आता आप्पांच्या खिशात होती. दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या मुहूर्तावर ते नवा ड्रायव्हर बसवणार होते.

त्याआधीच मुरलीच्या तक्रारीवरून दोन गॅरेजवाल्यांनी गाडी खोलली होती. एकानं किंगपिनची बेअरिंग बदलली. किंगपिन म्हणजे ज्या खिळीवर पुढचं चाक डावी-उजवीकडं वळतं ती. दुसऱ्यानं दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांडीची, टायरॉडची, टोकं बदलली. फरक शून्य. आता हत्यारं मोकळी असती तर मीही गाडी जॅकवर घेतली असती आणि तेच पुन्हा खोलत बसलो असतो. पण जॅकवर झेंडू होता. मग काय, चरफडत गाडीसमोर उकिडवा बसलो आणि नुसता बघत राहिलो.

बघता बघता लक्षात आलं की गाडी नेहमीपेक्षा उंच आहे.

"आप्पा, गाडी उचलून घेतलीय का?"

आप्पांची कळी खुलली. "व्हय तर! वढ्यातलं दगड खालनं घासायचं. आमच्या लोहाराकडनं पुढं लांब शॅकल घालून घेतल्या, मागं पाटं वाढवलं. आता बगा, कशी वाघावानी दिसती!"

शॅकल म्हणजे गाडीखालचा स्प्रिंगचा पाटा ज्या कडीनं टांगलेला असतो ती. या गाडीत ती पाट्याच्या पुढच्या टोकाला असते.

"कधी केलं हे?"

"जत्रंच्या आधी."

"थरथरबी जत्रंपास्नंच हाय," मुरली हळूच म्हणाला.

"तू गप रं!"

मी नानांकडं वळलो. "नाना, सुतळी चालंल का?"

नानांनी विचार केला. "सुतळी काय हत्यार न्हाई. तोरण तिच्यानंच बांधलंय."

पूजेतून उरलेलं एक लिंबू मी सुतळीला बांधलं. झाला गवंड्याचा ओळंबा. चाकाच्या आतल्या अंगाला, किंगपिनच्या वरच्या टोपणाशी सुतळी धरली आणि लिंबू खाली सोडलं. ते खालच्या टोपणाच्या मागं यायला हवं होतं. आलं पुढं. दुसऱ्या चाकालाही तेच.

हे जरा समजावून सांगतो. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, वरून मागं कललेला असतो. म्हणून तर हात सोडूनही सायकल सरळ जाते. गाडीच्या किंगपिनलाही तसाच कल ठेवलेला असतो. त्याला आम्ही कॅस्टर म्हणतो. लोहारानं पुढं लांब शॅकल घातल्या, तशी पाट्याची पुढची टोकं खाली गेली, त्यांच्याबरोबर चाकांचा आस, अॅक्सल, फिरला आणि किंगपिन उलट पुढं कलली. मागचे पाटे वाढवल्यानं त्यात आणखी भर. आता चाकाला सरळ कुठं जायचं तेच कळेना. वेगात एखादा खड्डा लागला की दोन्ही चाकं नाचायला लागायची.

तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गाडी भरलेली असली की मागचा भाग खाली दबतो, पुढचं तोंड वर होतं आणि किंगपिन थोडी पुन्हा मागं कलते. म्हणून भरली गाडी नीट जायची आणि रिकामी नाचायची. ज्या गोष्टीवरून गावानं मुरलीला दारुडा ठरवलं, तीच त्याची साक्षीदार होती!

आप्पांना सांगितलं तर ते हसायलाच लागले. "लिंबू टांगून रोग सांगतोस व्हय? मेकॅनिक हायेस का भगत?"

मला राग आला. "मग तुम्हीच चालवा. रिकामी. पण जोरात."

आप्पा चालवायला बसले, मी शेजारी. केडगावच्या पुढं रस्ता मोकळा होता. आप्पांनी वेग वाढवला. एका खड्ड्यात चाक आपटलं मात्र, आणि अरे बापरे! हँडल असं फिरायला लागलं की आप्पांची टोपी डोळ्यांवर आली. मागं आदल्या दिवशीच्या रिकाम्या कॅनांचा नुसता खणखणाट. कशीबशी गाडी थांबवली तेव्हा त्यांचे हात थरथरत होते.

मला राहवलं नाही. "आप्पा, सकाळी काय घेतलं होतं?"

"च्या," ते म्हणाले.

गाडी हळूहळू परत आणली. भरल्या कॅनांइतकं वजन व्हावं म्हणून गॅरेजात पूजेला जमलेली सगळी माणसं मी हौद्यात मागच्या टोकाला बसवायला लागलो. धुवट कपड्यातली माणसं कुरकुरत चढली.

"नाना, तुम्ही पण."

"मी कशाला?"

"माणूस काय हत्यार न्हाई, नाना."

नाना प्रसादाच्या पेढ्यांचं ताट घेऊनच चढले. या खेपेला केबिनमध्ये मधे मुरलीलाही घेतला. तोच रस्ता, तोच खड्डा, वेगही तोच. चाक आपटलं, गाडी उसळली आणि सरळ पुढं गेली. आप्पांनी पुढं जाऊन गाडी वळवली आणि पुन्हा त्याच खड्ड्यात घातली. पुन्हा सरळ. मागून नाना ओरडले, "पेढे सांडतायत!"

आप्पांनी गाडी कडेला घेतली. खिसा चाचपला. मग खिशात किल्ली नाही, ती गाडीलाच आहे, हे आठवून त्यांनी ती काढली आणि मुरलीपुढं धरली.

मुरलीनं घेतली नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मला नका देऊ आप्पा. आदी गावाला सांगा. माजी पोरगी शाळंत ऐकून घेती, तुजा बाप बेवडा म्हनून."

गाडीचा रोग शोधताना हा दुसरा रोग माझ्या ध्यानातच आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा हलली आणि पाने हातात आले. पुढच्या शॅकल आखूड केल्या. अॅक्सल आणि पाट्याच्या मधे लोखंडी पाचर घालून किंगपिन पुन्हा मागं कलवली. लिंबानं कल तपासला, सुतळी लावून चाकं एका रेषेत आणली. मुरलीनं रिकामी गाडी पळवून आणली आणि येताना हँडलवरचे दोन्ही हात सोडून दाखवले. नानांनी त्याला शिव्या घातल्या.

संध्याकाळी आप्पांनी मला सोनं लुटायला गावाकडं नेलं. दसऱ्याला लहान माणसं आपट्याची पानं घेऊन मोठ्यांकडं जातात. त्या दिवशी चेअरमन आपल्या ड्रायव्हरच्या दारात गेले. मागं सगळी आळी जमली. मुरलीची मुलगी उंबऱ्यात उभी होती. आप्पांनी आधी पानं तिच्या हातात दिली, पानांवर किल्ली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुजा बाप पीत न्हाई, पोरी. गाडी म्या बिघडवली हुती."

पुढं माझं स्वतःचं गॅरेज झालं. गाडी आली की मी आधी दोन्ही हात खिशात घालून तिच्याभोवती दोन चकरा मारायचो. नव्या गिऱ्हाइकांना वाटायचं, हा मेकॅनिक आळशी दिसतोय.