पिक्चर कसा आहे, कोणाला विचारायचं?

आगाशीत आम्ही सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, पानात बांधतो. हात केळ्यावर, तोंड पिक्चरवर. सातवीनंतर शाळा सुटली तेव्हापासून मी इथे बसतोय. मी बोलतो कमी, म्हणून सगळ्यांचे किस्से माझ्याकडेच साचलेत.

एकदा ते कामाला येतील असं वाटलं. माझं लग्न ठरत होतं. नायगावच्या सुनंदाच्या आईने निरोप धाडला, "रविवारी तिघं पिक्चरला जाऊ. पिक्चर मुलानेच निवडावा." म्हणजे परीक्षाच!

आमच्यात बसणारा बाळू पेपर वाचून बोलतो. एकदा म्हणाला, "चार स्टार दिलेत!" सगळे विरारला गेलो. अर्धा पिक्चर हिरो खिडकीतून बाहेर बघत होता. इंटरव्हलला शांतीमावशी कडाडली, "खिडकीच बघायची तर माझ्या घरी दोन हायेत!"

ही मावशी अर्नाळ्याची. तिचं माप म्हणजे पदर. रडून अर्धा भिजला तर पिक्चर बरा, पूर्ण भिजला तर बघाच. एका कॉमेडीला थिएटर हसून लोळत होतं. ही बाहेर येऊन म्हणाली, "डोळ्यात पानी नाय. फसवलं मेल्यांनी!"

एका रविवारी फादरनी चर्चमध्ये नाव घेऊन सांगितलं, अमुक पिक्चर बघू नका. संध्याकाळी तिकीट मिळेना! रांगेत आमचे दुमिंगकाका सगळ्यात पुढे. मला बघून म्हणाले, "अरे, फादरनी सांगितलं नसतं तर मला कळलं असतं का?"

काका एरवी पिक्चर झोपेवर मोजतात. मला म्हणाले, "वसईत लागलाय तो दाखव. ढिशुम नाही, किंचाळी नाही. पंख्याखाली मस्त डोळा लागतो!"

मी खूप विचार केला. प्रत्येक जण खरंच सांगत होता, पण आपल्यापुरतं. सुनंदाला काय आवडतं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. शेवटी काकांचा पिक्चर घेतला. साधा, शांत पिक्चर; निदान सुनंदाच्या आईंसमोर लाजून मान खाली घालावी लागणार नव्हती.

आई मधे बसल्या. थोड्या वेळात त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी श्वास रोखून बसलो. सुनंदा पुढे वाकली, तोंडावर हात धरून हसली. मग तिने हळूच विचारलं, "शाळा का सोडली?"

मी सांगत गेलो. इतकं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. तीही बोलली. दिवे लागले तेव्हा आई दचकून उठल्या.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "काय गं, कसा होता पिक्चर?"

"नीट कळला नाही," सुनंदा म्हणाली. "पुढच्या रविवारी हाच परत बघू या. आई, तूही ये हं!"